शुक्रवारचं घड्याळ

आक्काचं म्हणणं असं होतं, की प्रवास चार तास वीस मिनिटांचा आहे. तिकिटावर निघायची वेळ सकाळी अकरा आणि पोचायची दुपारी तीन वीस, वारही तोच. "मग पंधरा तास, पंधरा तास काय लावलंयस?" ती म्हणाली. "वजाबाकी शिकवली होती आपल्याला शाळेत."

आक्का माझी मोठी बहीण. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले आणि मी चौतीस वर्षं टपाल कार्यालयात पत्रं वेगळी केली, कुठलं पत्र कुठल्या गावच्या पिशवीत जायचं ते. आता दोघी एका घरात राहतो, एकमेकींच्या चुका काढतो आणि त्यात दिवस बरे जातात.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेचं बिनपगारी काम धरलं. काम पेटी पोचवण्याचं. काही आजारांत माणसाचं शरीर धड रक्त तयार करेनासं होतं. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. मग जगात कुठेतरी त्याच्याशी जुळणारा दुसरा माणूस शोधतात, तो आपल्या मगजातला थोडा भाग देतो, आणि ती पिशवी थंड पेटीत घालून माझ्यासारखं कोणीतरी विमानाने घेऊन जातं. देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. मला दोघंही माहीत नसतात. मला फक्त बहात्तर तास माहीत असतात. त्यानंतर पिशवीतल्या पेशींवर कोणी भरवसा ठेवत नाही.

आणि एक गोष्ट माहीत असते, ती मी आक्काला पहिल्या खेपेलाच सांगायला नको होती. नवीन मगज घालण्याआधी रोग्याचा जुना मगज औषधांनी पूर्ण मारून टाकतात. म्हणजे मी इथून निघते तेव्हा तिथल्या खोलीतला माणूस रिकामा होऊन पडलेला असतो. पेटी पोचली नाही तर त्याला मागे फिरायला वाट नसते. हे ऐकल्यापासून मी निघाले की आक्का जेवत नाही आणि विचारलं तर म्हणते, "भूक नव्हती."

तर त्या मंगळवारी मी तिला तिकीट समजावत बसले होते. आमच्याकडे पृथ्वीचा एक गोल आहे, शाळेच्या जुन्या सामानातून आणलेला, एका बाजूला चेपलेला. आक्काने आपला मापाचा टेप काढला, इथून तिथपर्यंत धरला, आणि टेप सरळ आडवा जायचा सोडून वर बर्फाकडे सरकला. मला वाटलं, घसरला. आक्का म्हणाली, "घसरला नाही. खांद्यावरून माप घेताना टेप जवळची वाट आपोआप धरतो. ओढून आडवा धरलास तर जास्त भरतो." तिने आडवा धरून दाखवला, खरंच जास्त भरला. संस्थेच्या कागदावर बारा हजार नऊशे किलोमीटर लिहिलं होतं, तेही बर्फावरूनच. जे मला नकाशाची पुस्तकं चाळून कळलं नव्हतं ते तिला ब्लाउजांच्या मापांतून कळलं होतं, आणि हे मी तिला मुळीच सांगितलं नाही.

चार तासांचा प्रश्न मात्र सुटेना. शेवटी मी मनगटावरची दोन्ही घड्याळं काढून गोलावर ठेवली. आमच्या कामाची ती पद्धतच आहे. एक घड्याळ आपलं, ते विमान उतरलं की तिथल्या वेळेवर लावायचं. दुसरं पेटीचं. ते देणाऱ्याच्या गावच्या वेळेवर चालतं, आणि पेशी रोग्याच्या अंगात जायला लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझं पेटीचं घड्याळ म्हणजे आमच्या ह्यांचं जुनं काट्यांचं घड्याळ. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. जन्मात हा माणूस कुठे वेळेवर पोचला नाही, पण घड्याळ चोख ठेवायचा. त्याच्या तबकडीत एक छोटी खिडकी आहे, तीत वार दिसतो.

टेबलावरचा दिवा गोलावर धरून मी सांगितलं, "हे बघ, आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. ते लोक आपल्यापेक्षा अकरा तास मागे. म्हणून तिथे पोचल्यावर तिथलं घड्याळ बघून इथली वेळ वजा करायची नाही. अकरा तास गिळले जातात." दीड तास आणि दोन कप चहा खर्च झाल्यावर आक्का म्हणाली, "म्हणजे तिकीट खोटं बोलतंय."

"तिकीट खोटं नाही. दोन गावांच्या वेळा एकमेकींतून वजा करणं खोटं."

"असं आधी सांगायचं," ती म्हणाली.

पेशी त्याच मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला काढल्या होत्या. बुधवारी सकाळी रुग्णालयातून पेटी घेतली आणि विमानतळावर गेले, तर धुकं. असं धुकं, की काचेपलीकडे उभं असलेलं विमान दिसेना. अकराचं विमान बारावर गेलं, मग दोनवर, मग पाटीवर एकच शब्द आला, रद्द. दुसरी कुठलीच वाट मोकळी नव्हती. विमानतळाच्या बाकावर मी पेटी मांडीवर घेऊन रात्र काढली. पेटी तळहाताच्या फोडासारखी जपायची असते. खाली ठेवायची नाही, क्ष-किरणांच्या यंत्रातून जाऊ द्यायची नाही, दर तासाला तिच्यावरचा थंडाव्याचा आकडा वहीत लिहायचा, आणि शक्यतो झोपायचं नाही. चहाच्या दुकानातल्या बाईने तीनदा विचारलं, पेटीत काय आहे. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "टपाल."

गुरुवारी अकरा वाजता विमान उडालं तेव्हा एकोणपन्नास तास वीस मिनिटं गेली होती. उरले बावीस तास चाळीस मिनिटं. विमानाचे पंधरा-साडेपंधरा, मोटारीचा सव्वा, तिथल्या तपासणीचे तीन. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि बसत होतं.

तासाभराने विमानातली मुख्य सेविका माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. कप्तानाला पेटीचं पत्र उड्डाणाआधीच दिलेलं असतं. ती हळू म्हणाली, "आज समोरून वारा फार आहे. पंधराचे साडेसोळा तास होतील. आणि एवढा वेळ पुरेल असं इंधन नाही, वाटेत उतरून घ्यावं लागेल. त्यात आणखी तीन तास जातील. कप्तान विचारतायत, चालेल का?"

साडेसोळा आणि तीन, साडेएकोणीस. उरले तीन तास दहा मिनिटं. त्यातून मोटार वजा केली, तर तपासणीचे तीन तास काही केल्या बसेनात. मी म्हणाले, "नाही चालणार. तो माणूस मरेल." एवढं स्पष्ट बोलायची आमच्या कामात पद्धत नाही, पण त्यापेक्षा खरं माझ्याजवळ काही नव्हतं.

ती गेली. मी मांडीवरच्या पेटीकडे बघत बसले. वाऱ्यावर रागवावं तरी कसं? मी आपली रागावले.

पाऊण तासाने सेविका परत आली. तिच्या हातात कागदाचा चिटोरा होता, त्यावर पेन्सिलने एक ओळ लिहिलेली. तिने मला समजावलं. आभाळात विमानांच्या वाटा ठरलेल्या असतात, वळणावळणाच्या. खालच्या प्रत्येक देशात एका खोलीत माणसं बसलेली असतात, ती विमानांना या वाटांवरून एकामागून एक नेतात. कप्तानाने खालच्या खोलीला सांगितलं होतं, की विमानात एका आजारी माणसासाठी पेशी आहेत आणि वेळ कमी आहे. खालून उत्तर आलं, वाट सोडा, सरळ या. वाटेतली दोन विमानं त्यांनी वर-खाली सरकवली. चिटोऱ्यावर लिहिलं होतं, नऊ मिनिटं वाचली.

मग दुसरा देश आला. तिथल्या खोलीत पहिल्या खोलीचा निरोप आधीच पोचला होता. सरळ या. सहा मिनिटं. तिसऱ्या देशाने वारा जिथे कमी होता ती उंची रिकामी करून दिली. अकरा मिनिटं. चौथा देश आणि तिसरा देश एकमेकांशी बोलत नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत आहे. चौथ्यानेही म्हटलं, या. सेविका दर खेपेला यायची आणि चिटोऱ्यावर नवी ओळ असायची. पुढे जमीन संपून नुसता बर्फ लागला, तरी कुठल्यातरी टोकाच्या खोलीतला कुणी एकजण जागा होता आणि त्यानेही वाट दिली.

चौतीस वर्षं मी टपाल पाहिलं. एका गावाने पिशवी दुसऱ्या गावाच्या हातात द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आत काय आहे ते कोणी बघायचं नाही, हेच माझं आयुष्य होतं. पण असं टपाल मी पाहिलं नव्हतं. कुणाचा चेहरा नाही, नाव नाही, उपकाराचा शब्द नाही. मला रडू आलं. शेजारच्या गृहस्थाला वाटलं, मी विमानाला घाबरले. त्याने मला आपलं बिस्किट दिलं.

आणि सूर्य. मी डावीकडच्या खिडकीत होते आणि सूर्य त्याच खिडकीत येऊन बसला तो हलेना. तो जिकडे चालला होता तिकडेच आम्हीही धावत होतो. वहीत मी तासामागून तास लिहीत होते, पाच, आठ, अकरा, आणि बाहेर आपली दुपारच. खाली बर्फाची भेगाळलेली जमीन, तिच्यावर ना रस्ता ना घर, आणि तिच्यावरून आमच्या विमानाची टाचणीएवढी सावली पळत होती. तेराव्या तासाला ऊन थोडं पिवळं झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सूर्याच्या हिशेबाने आम्ही निघून चार तासच होत आले होते. आक्काचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. मी एवढी लहान आणि हे एवढं मोठं, असं त्या खिडकीत बसून मला वाटलं, आणि वाईट वाटलं नाही.

इंधनासाठी कुठेही न उतरता, पंधरा तास चाळीस मिनिटांनी चाकं टेकली. चिटोऱ्यावर सात ओळी झाल्या होत्या. तो कागद कप्तानाने दारात उभं राहून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आमच्याकडून एवढंच."

रुग्णालयाच्या तपासणी-खोलीत मी पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बरोबर पाच वाजले होते. लांब पांढरी खोली, गुणगुणणारी शीतकपाटं. टेबलापाशी एक तंत्रज्ञ होता, चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, दिवसभर उभा राहून कंटाळलेला. पुढचं बोलणं दोघांच्याही मोडक्यातोडक्या परभाषेत झालं, इथे नीट करून लिहिते.

त्याने पेटीवरची चिठ्ठी वाचली, मंगळवार, नऊ चाळीस. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, गुरुवार, पाच. ओठांत पुटपुटला आणि मोकळा झाला. "पंचावन्न तास. अजून सतरा आहेत. छान आणलीत तुम्ही. पेटी आत कपाटात ठेवतो. उद्या सकाळी सातला डॉक्टर ताजेतवाने येतील, तेव्हा पहिलं काम हेच."

तो हात पुढे करून उभा होता. मी पेटी अर्धी उचललीही होती. दोन दिवसांची झोप डोळ्यांवर होती आणि सतरा तास ऐकायला फार गोड वाटले. पण कुठेतरी खुट्ट झालं. ही वजाबाकी मी ऐकली होती. माझ्याच स्वयंपाकघरात, दोन कप चहा घेऊन.

मी पेटी छातीशी धरली. "ही वेळ कुठल्या गावची आहे?"

"कुठली वेळ?"

"चिठ्ठीवरची."

त्याने चिठ्ठी पुन्हा पाहिली. तिच्यावर वार होता, वेळ होती, गाव नव्हतं. आमच्या टपालाच्या शिक्क्यावर गाव आधी येतं, मग तारीख. गावाशिवाय वेळ म्हणजे काहीच नाही, हे टपालातला नवशिकाही सांगेल. आणि मी, चौतीस वर्षांची जुनी खोड, दोन दिवस ती चिठ्ठी मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याही नजरेतून ते सुटलं होतं.

मी बाही वर करून ह्यांचं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. त्यात चार वाजले होते. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमचं घड्याळ एक तास मागे पडलंय."

"मागे नाही. अकरा तास पुढे आहे. वाराची खिडकी बघा."

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाकला. खिडकीत शुक्रवार होता.

"जिथे पेशी काढल्या तिथे आता शुक्रवारची पहाट आहे," मी म्हणाले. "तिथून इथे येताना अकरा तास गिळले गेलेत. तुमच्या भिंतीला ते दिसत नाहीत. पंचावन्न आणि अकरा करा."

कागद ओढून त्याने बेरीज केली, खाली रेघ मारली. सहासष्ट तास वीस मिनिटं. मग त्याने उद्या सकाळी सातचा आकडा मांडला. ऐंशी. त्या आकड्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मी मात्र पेटी सोडली नाही. सही झाल्याशिवाय पाकीट हातातून सोडायचं नाही, ही माझी जुनी सवय. "आधी सही करा," मी म्हणाले, "आणि खाली वेळ लिहा, गावासकट."

त्याने लिहिलं. मग फोन उचलला आणि जे काय बोलला ते मला कळलं नाही, पण दोन मिनिटांत त्या खोलीत चार माणसं होती आणि कंटाळलेलं कोणीच नव्हतं.

माझं काम तिथे संपलं. नियमाप्रमाणे मी हॉटेलात जाऊन झोपायला हवं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि आक्काला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. मी सगळं सांगितलं, वारा, सात ओळी, सूर्य, तंत्रज्ञाची वजाबाकी.

"म्हणजे माझ्यासारखी चूक केली त्याने," ती म्हणाली.

"अगदी तशीच. आणि तू ती केली नसतीस तर मला ती ओळखता आली नसती. मी पेटी त्याच्या हातात देऊन झोपले असते, आक्का."

"बरं," ती म्हणाली. "मग आता तू काहीतरी खा."

"तू खाल्लंस का?"

"तू ये परत, मग बघू."

आठ वाजून गेल्यावर आतून एक परिचारिका आली. मी कोण ते तिला कोणीतरी सांगितलं असावं, कारण ती सरळ माझ्यापाशी आली. रोगी बाई आहे की पुरुष, लहान की मोठा, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आठ दहाला सुरू झालं. पहिला थेंब आत गेला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती आली तशी आत निघून गेली.

म्हणजे आता पेटीचं घड्याळ लावायचं होतं. मी ते मनगटावरून काढलं. त्यात सात दहा झाले होते. अकरा तास मागे न्यायचे, म्हणजे तबकडीवर काटा फक्त एक घर पुढे सरकवायचा. मी चावी ओढली आणि सातचे आठ केले. खिडकीतला शुक्रवारही बदलून गुरुवार करायला हवा होता, बाहेर सगळ्या शहरात गुरुवारच चालला होता. पण त्या दारामागच्या माणसाला शुक्रवार मिळणार होता, इतक्या सगळ्यांनी मिळून तो आणून पोचवला होता. मी वार तसाच ठेवला आणि घड्याळ पुन्हा हाताला बांधलं.